मोठा ब्रेक, लांब उतार

२०२२ च्या जून महिन्यात अमरावती-अकोला रस्त्याचं नाव गिनीज बुकात गेलं. अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मान्यापर्यंत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला. त्याआधीचा विक्रम कतारच्या नावावर होता, तोही २५ किलोमीटरच्या थोडा पुढे. ज्या रस्त्यावर मूर्तिजापूरपर्यंत पोचेस्तोवर कंबर ढिली होत असे, त्यावरून आता गाडी अलगद शंभरी गाठते. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांच्या शिवारातून जाणाऱ्या या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वऱ्हाडात वेगाला रस्ता मिळाला तो असा, एकाच वर्षात दोन बाजूंनी.

वेगाची हौस इथे आधीपासूनच आहे. तळेगाव दशासरचा शंकरपट पाहायला पंचक्रोशीच्या पलीकडून माणसं येतात, आणि बैलजोडी किती सेकंदांत पळाली यावर वर्षभर बोलतात. ही हौस आता एमएच २७ आणि एमएच ३० च्या मोटारींमध्येही दिसते. खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणावी अशी गाडी अमरावती-अकोल्यात क्वचितच नजरेस पडते. त्याऐवजी असतात त्या घरच्याच गाड्या, पण जरा तिखट इंजिनाच्या: चाकणच्या कारखान्यातून निघालेली पोलो जीटी, एखादी ऑक्टाव्हिया आरएस, आय-ट्वेंटी एन लाइन. इंजिनाच्या संगणकाचं रीमॅप करून घेतलं, एक्झॉस्ट बदलला, टायर रुंद केले की पुढचा विषय निघतो तो ब्रेकचा. चाकाच्या आऱ्यांतून दिसणारं, डिस्कवर पॅड दाबणारं लाल कॅलिपर आणि त्यामागची मोठी, खाचा पाडलेली डिस्क पाहून कुणालाही मोह व्हावा. असा कंपनीबाहेरचा ‘बिग ब्रेक किट’ बसवायला लाखाच्या पुढे खर्च येतो, आयात माल असेल तर त्याच्या कितीतरी पट. हा पैसा नेमकं काय विकत घेतो, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेकांची अपेक्षा एक असते आणि किट करतो ते काम दुसरंच असतं.

अपेक्षा अशी, की मोठा ब्रेक लावला म्हणजे गाडी कमी अंतरात थांबेल.

गाडी थांबवतो तो टायर. ब्रेक चाकाला थांबवतो, आणि चाक रस्त्याला जितकं धरून राहील तितकीच गाडी मंदावते. कोरड्या डांबरावर चांगल्या स्थितीतल्या साध्या टायरची पकड धरून हिशेब केला तर ताशी १०० वरून थांबायला सुमारे ५० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर तेच अंतर ८० मीटरच्या घरात जातं. १२० च्या वेगाला कोरड्यातही ७० मीटर हवेत. त्यात चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा एक सेकंद धरा. त्या एका सेकंदात गाडी आणखी ३३ मीटर पुढे गेलेली असते. आता कंपनीचा मूळ ब्रेकही एवढा ताकदवान असतो की जोरात दाबला तर चाक लॉक होऊ न देणारं एबीएस थरथरू लागतं, म्हणजे चाक लॉक व्हायच्या बेतात येतं. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचं आहे. एबीएस जागं झालं याचा अर्थ ब्रेककडे जोर शिल्लक आहे, टायरकडे पकड शिल्लक नाही. तिथे सहा पिस्टनचं कॅलिपर बसवलं तरी पहिल्या थांब्याला अंतर फारसं कमी होत नाही. तेच चार चांगले, मऊ रबराचे, ताजे टायर बसवले तर १२० वरचे ७० मीटर ५७ वर येऊ शकतात. तेरा मीटर म्हणजे तीन मोटारींची लांबी.

मग मोठा ब्रेक कशासाठी? उष्णतेसाठी. त्याचं सगळं कर्तृत्व दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या थांब्याला दिसतं.

ब्रेक लावणं म्हणजे गाडीची गतिज ऊर्जा लोखंडात उष्णता म्हणून ओतणं. माणसं आणि सामान धरून १,५०० किलोची गाडी ताशी १०० च्या वेगात असेल तर तिच्यात जवळजवळ ५ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा असते. १२० ला ती ८ लाख ३० हजारांवर जाते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वीस टक्के वाढला की ऊर्जा चव्वेचाळीस टक्के वाढते. ब्रेक लावताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे यातला साधारण सत्तर टक्के भार पुढच्या दोन चाकांवर येतो. पुढची एकेक डिस्क ६ किलोची असेल तर १०० वरून एकदा थांबल्यावर तिचं तापमान सुमारे ७० अंशांनी चढतं. गार होऊ न देता लागोपाठ पाचदा तसं केलं की डिस्क साडेतीनशे अंशांनी तापते. आता त्याच जागी ९ किलोची डिस्क बसवली तर दर थांब्याला तापमान ४७ अंशांनीच वाढेल. पातळ तवा भर्रकन तापतो, जाड तवा वेळ घेतो. मोठ्या डिस्कचं अर्धं रहस्य एवढंच आहे. उरलेलं अर्धं तिच्या पोटातल्या पोकळ पाकळ्यांत असतं. चाक फिरताना त्या पाकळ्या मधून हवा ओढून कडेने बाहेर फेकतात आणि डिस्क आतून गार होते.

डिस्क ब्रेकचा इतिहासही हीच गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं, पण पुढची पन्नास वर्षं मोटारींवर राज्य केलं ते ड्रम ब्रेकने. ड्रममध्ये लायनर आत बंद असतात, उष्णता बाहेर पडायला वाट नसते. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांची गाडी जिंकली. त्या ट्रॅकवरच्या मुलसान सरळमार्गावर पाच किलोमीटरहून लांब धाव घेऊन गाड्या एका अरुंद वळणाशी येत. प्रत्येक फेरीला तिथे सर्व वेग ओतून टाकायचा, आणि हे रात्रंदिवस. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून दमत, म्हणून त्यांचे चालक वळणाच्या खूप आधीपासून ब्रेक धरत. जॅग्वारवाले उशिरा ब्रेक लावू शकत, तेही विसाव्या तासाला. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, मर्सिडीजने आपल्या ३०० एसएलआर गाड्यांच्या ड्रमना मदत म्हणून चालकाच्या पाठीमागे वर उघडणारं एक मोठं हवारोधक झाकण बसवलं होतं. एवढा आटापिटा उष्णतेपायीच.

वऱ्हाडात मुलसान नाही, पण चिखलदरा आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवरचं हे विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, यवतमाळ, नागपूरच्या गाड्यांची तिथे रीघ लागते. परतवाड्याहून वर जायला एक रस्ता धामणगाव गढी-मोथा मार्गे आणि दुसरा घटांगवरून. परतवाडा साधारण पावणेचारशे मीटरवर आहे. म्हणजे परतताना तीसेक किलोमीटरच्या रस्त्यात गाडी सातशे मीटर खाली येते. या उताराचा हिशेब ऊर्जेत मांडला तर १,५०० किलोच्या गाडीसाठी तो एक कोटी ज्यूलच्या थोडा वर भरतो. ताशी १०० च्या वेगातून अठरा वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. गाडी हलकी असो की जड, हा अठराचा आकडा बदलत नाही.

यातली बरीचशी ऊर्जा इंजिनाला पिऊ देता येते. जुने एसटी चालक नवख्यांना सांगत आले आहेत की ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडून दिला की इंजिन गाडीला मागे ओढत राहतं आणि ब्रेकला अधूनमधून विसावा मिळतो. याउलट पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडली तर अठराच्या अठरा थांब्यांचा भार ब्रेकवर जातो. इंजिन बंद करून उतरलं तर त्याहून वाईट, कारण ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिन तयार करतं. दोन-तीनदा ब्रेक दाबला की साठलेली पोकळी संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतो, आणि दोन्हींचं लक्षण पायाला वेगळं लागतं. पहिल्या तऱ्हेत पेडल नेहमीसारखं कडक असतं, पण कितीही दाबलं तरी गाडी धरत नाही. इथे पॅडचं साहित्य त्याच्या मर्यादेपलीकडे तापलेलं असतं. रोजच्या वापराच्या पॅडमधले चिकट राळेचे घटक जळून वायू सोडू लागतात आणि पॅड डिस्कवर घसरतं. दुसऱ्या तऱ्हेत पेडल मऊ पडतं, लांब जातं, शेवटी तळाला टेकतं. अमरावतीच्या कुठल्याही गॅरेजात या तक्रारीचे शब्द ठरलेले आहेत: ‘भाऊ, पायडल खाली जाऊन राह्यलं.’ इथे ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर वाफेचे बुडबुडे चेपण्यात जातो. या दुसऱ्या प्रकाराची फसवी बाजू अशी, की परतवाड्यात चहाला थांबलं की ऑइल निवतं, वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पाहिलं तर पेडल जवळजवळ ठीकच लागतं. मग ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणून गाडी तशीच परत येते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून. ताज्या डॉट-४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट-३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत, डॉट-५.१ साठी २६० आणि १८०. शर्यतीसाठी बनवलेली काही ऑइलं ताजी असताना तीनशे अंशांपुढेही टिकतात, पण ती वारंवार बदलावी लागतात. चार-पाच पावसाळे पाहिलेल्या ऑइलवर चिखलदरा उतरणारी गाडी म्हणजे ७५ अंशांचं संरक्षण गमावलेली गाडी. काही शे रुपयांचं ऑइल, त्यात एअर काढायची तासाभराची मजुरी. लाखाच्या किटचं स्वप्न पाहणाऱ्याने हे काम आधी करावं, आणि ते दर दोन वर्षांनी करत राहावं, असं या लेखाचं ठाम मत आहे. डॉट-५ हे नाव पाहून ते ५.१ समजून कुणी आणू नये. ते सिलिकॉनचं असतं आणि नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही.

इथे एक समज तपासून घ्यायला हवा. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून इथले ब्रेक लवकर तापतात असं सर्रास बोललं जातं. डिस्क ४०० अंशांवर असताना तिच्याभोवतीची हवा २५ अंशांची आहे की ४५ ची, याने गार होण्याच्या वेगात पाचेक टक्क्यांचाच फरक पडतो. उन्हाचा खरा मारा टायरवर होतो. हवा कमी असलेला जुना टायर सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर तासभर १२० ने पळवला की तो फुटण्याचा धोका वाढतो. ब्रेकला वऱ्हाडात छळते ती उन्हापेक्षा काळी माती. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ती डांबरावर येते आणि रस्ता साबणासारखा करून ठेवते. तिथे टायरची उरलीसुरली पकडही जाते. तीच माती चाकाच्या आत उडून कॅलिपरवर बसते आणि वाळल्यावर सिमेंटसारखी घट्ट होते. साध्या मोटारींमधलं तरतं कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकतं. या पिनांवरचं रबर फाटलं, आत माती गेली की कॅलिपर अडकतं. मग एक पॅड पूर्ण झिजतं, दुसरं कोरं राहतं, गाडी एका बाजूला ओढते. पावसाळा संपल्यावर चाकं उतरवून या पिना साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस लावलं तर दहा वर्षं जुना ब्रेकही नव्यासारखा वागतो.

एवढं करूनही ज्याची गरज भागत नाही असा माणूस असतो. इंजिनाची ताकद वाढवलेली असते, महिन्यातून एकदोनदा घाट होतो, किंवा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकवर जायची हौस असते. त्याने पुढची पायरी म्हणून पॅड बदलावेत. पॅडच्या जाती अनेक आहेत. रस्त्याचे सेंद्रिय पॅड गार असतानाच धरतात, आवाज करत नाहीत, पण लवकर दमतात. धातूमिश्रित पॅड जास्त उष्णता सोसतात, चाकावर काळी भुकटी टाकतात. निव्वळ शर्यतीचे पॅड मात्र गार असताना नीट धरतच नाहीत. ते तापायला काही फेऱ्या लागतात. असे पॅड लावून सकाळी घरातून निघालेल्या माणसाची गाडी पहिल्याच चौकात हवी तिथे थांबणार नाही. रोजच्या गाडीला ‘फास्ट रोड’ प्रकारचे पॅड पुरतात. सोबत रबरी होजऐवजी स्टीलची जाळी गुंफलेले होज लावले तर दाबाखाली होज फुगत नाही आणि पेडल नेमकं लागतं.

आणि मग, शेवटी, किट.

किटमध्ये दोन मोठ्या डिस्क असतात. चांगल्या किटमध्ये डिस्क दोन भागांची असते, मध्ये अॅल्युमिनियमची टोपी आणि बाहेर ओतीव लोखंडाचं कडं, म्हणजे वजन कमी आणि कड्याला तापून फुगायला मोकळीक. कॅलिपर अॅल्युमिनियमचं, सरकत नाही तर घट्ट बसलेलं, दोन्ही बाजूंना मिळून चार किंवा सहा पिस्टनचं. ते मूळ कॅलिपरपेक्षा कमी लवतं आणि लांबट पॅडवर सारखा दाब टाकतं. डिस्कवरच्या तिरक्या खाचा पॅडचा जळका थर खरवडतात आणि वायूला वाट देतात. आरपार भोकांची डिस्क दिसायला देखणी, पण फार तापवली तर तडे भोकांच्या कडेपासूनच सुरू होतात. घाट आणि ट्रॅकसाठी खाचांची डिस्क बरी.

या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव ब्रेम्बो. १९६१ साली इटलीतल्या बेर्गामोजवळ सुरू झालेली ही कंपनी १९७५ पासून फेरारीच्या फॉर्म्युला वन गाड्यांना ब्रेक पुरवू लागली. तिचा कारखाना पुण्याजवळ चाकणलाही आहे. वऱ्हाडातल्या अनेक तरुणांच्या हे लक्षात येत नाही की त्यांच्या केटीएम ड्यूकच्या कॅलिपरवर जे ‘बायब्रे’ कोरलेलं असतं, तो याच कंपनीचा छोट्या आणि मध्यम मोटरसायकलींसाठीचा ब्रँड आहे. नाव मोठं असल्यामुळे नक्कलही भरपूर. लाल प्लॅस्टिकची कॅलिपरसारखी दिसणारी टोपणं अॅक्सेसरीजच्या दुकानांत सर्रास मिळतात. ती खऱ्या कॅलिपरवर चिकटवली की हवा अडते आणि ब्रेक आधीपेक्षा जास्त तापतो. पूर्ण नकली किटही फिरतात. ब्रेम्बोच्या अस्सल कामगिरी-किटमध्ये खरवडून पाहायचा सांकेतिक क्रमांक असलेलं कार्ड येतं आणि तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. विकत घेताना हे कार्ड मागून घ्यावं.

किट त्या गाडीसाठीच बनवलेला असावा, हा मुद्दा कॅलिपरच्या रंगापेक्षा शंभरपट महत्त्वाचा आहे. दुसऱ्या मोठ्या गाडीचं कॅलिपर स्वस्तात आणायचं आणि ते बसवायला जवळच्या लेथवर लोखंडी पट्टीतून ब्रॅकेट कापून घ्यायचं, ही पद्धत आपल्याकडे चालते. त्या ब्रॅकेटवर काय भार येतो ते पाहा. दीड टनाची गाडी करकचून थांबवताना पुढच्या एका चाकाशी रस्ता सुमारे ५६० किलोच्या जोराने मागे ढकलतो. चाकाची त्रिज्या मोठी आणि डिस्कवर पॅड धरतं ती त्रिज्या लहान, म्हणून कॅलिपरला त्याच्या दुपटीहून जास्त जोर सोसावा लागतो. ब्रॅकेट आणि त्याच्या दोन बोल्टांवर सव्वा टनाहून जास्त भार पडतो, तोही क्षणात आणि वारंवार. पोलादाचा दर्जा, त्याला दिलेली उष्णताप्रक्रिया, बोल्टची प्रत आणि टॉर्क रेंचने मोजून दिलेला पीळ यांपैकी काहीही अंदाजाने चालण्यासारखं नाही.

दुसरा धोका तोलाचा. मूळ गाडीत पुढच्या आणि मागच्या ब्रेकची वाटणी अभियंत्यांनी महिनोन्‌महिने चाचण्या घेऊन ठरवलेली असते. पुढे प्रचंड ब्रेक आणि मागे मूळचे ड्रम, अशी जोडणी झाली तर पुढची चाकं फार लवकर एबीएसपर्यंत पोचतात, मागची चाकं आपल्या वाट्याचं काम करतच नाहीत, आणि लाख रुपये घालूनही थांबण्याचं अंतर वाढतं. पिस्टनांचं एकूण क्षेत्रफळ मूळच्यापेक्षा बरंच वाढलं तर मास्टर सिलिंडरमधून तेवढं ऑइल पुढे सरकवायला पेडल लांब दाबावं लागतं. म्हणूनच चांगले उत्पादक पिस्टनांचा व्यास गाडीगणिक बदलतात. इंदूरजवळच्या पिथमपूरला होणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेत अभियांत्रिकीची मुलं स्वतः बांधलेल्या गाड्या आणतात. तिथे मुख्य शर्यतीआधी ब्रेकची परीक्षा असते: गाडी पळवायची, ब्रेक दाबायचा, आणि चारही चाकं एकाच वेळी लॉक झाली पाहिजेत. तीन झाली आणि एक फिरत राहिलं तर गाडी पुढे जात नाही. इंजिन धडधडणाऱ्या कित्येक देखण्या गाड्या या साध्या परीक्षेत अडकून राहतात आणि मुलं रात्रभर एअर काढत बसतात. त्याच पिथमपूरला नॅट्रॅक्स ही सरकारी चाचणी संस्था आहे. २०२१ मध्ये तिथे ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक सुरू झाला, आणि ब्रेक तपासायला वेगवेगळ्या पकडीचे खास पट्टेही तिथे आहेत. हे ठिकाण अकोल्याहून खंडव्यामार्गे एका दिवसाच्या वाटेवर आहे.

कायद्याचाही विचार पैसे देण्याआधी व्हावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्टपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ मापाचे, प्रमाणित पॅड आणि डिस्क बदलणं ही देखभाल ठरते. युरोपीय मालावर ‘आर-९०’ हे प्रमाणन असेल तर त्या पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आत आहे, हे तपासलेलं असतं. मोठ्या मापाचा किट मात्र बदल ठरू शकतो. त्यामुळे तो बसवण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावं. अपघातानंतर सर्वेक्षकाला न कळवलेला बदल सापडला तर दावा नाकारला जाण्याचं ते आयतं कारण होतं.

मूळ भाग नवे घातले किंवा मोठा किट बसवला, तरी पॅड आणि डिस्क एकमेकांत बसवून घ्यावे लागतात, आणि हे काम गॅरेजवाला क्वचितच करून देतो. पहाटे रिकामा रस्ता गाठायचा. ताशी ६० ते ७० चा वेग घ्यायचा, मध्यम दाबाने ब्रेक लावून २० पर्यंत उतरायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढतो. थोडा जळका वास येतो, तो या वेळी अपेक्षितच असतो. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक शक्यतो न लावता गाडी हळू चालवत ठेवायची, म्हणजे वाऱ्याने सगळं सावकाश निवेल. थांबावंच लागलं तर पेडल दाबून धरायचं नाही, मागे डिस्क असेल तर हँडब्रेकही ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड एका जागी टेकून राहिलं की तिथे त्याचा जाड ठसा उमटतो. पुढे तोच ठसा स्टिअरिंगला थरथर म्हणून लागतो आणि लोक डिस्क वाकली समजून लेथवर टर्निंग मारायला नेतात. घाटातून उतरल्या उतरल्या वॉशिंग सेंटरवर चाकांवर गार पाण्याचा फवारा मारणंही टाळावं, कारण लाल व्हायच्या बेतात आलेल्या ओतीव लोखंडाला तो धक्का सोसत नाही. पाचेकशे किलोमीटर झाल्यावर चाकं पुन्हा उतरवायची, कॅलिपरच्या बोल्टांचा पीळ टॉर्क रेंचने तपासायचा, होजच्या जोडांवरून बोट फिरवून ओल लागते का पाहायचं, आणि पूर्ण डावीकडे-उजवीकडे चाक वळवून होज कुठे घासत नाही ना हे बघायचं.